चांगुणाआत्याचा आवाज

गंगापूर रोड, नाशिक
११ जून २००७

भाग्यश्री,

तुझं पार्सल काल एसटीतून मिळालं. कॅसेट लगेच लावली. अठरा मिनिटं बोलली आहेस. हीरोच्या पांढऱ्या बुटांवर चार मिनिटं, गाण्यात मागे नाचणाऱ्या बायकांवर तीन, आणि उरलेली सगळी कथेवर, जी त्या सिनेमात मला तरी सापडली नाही. तेवढं झकास आहे. पण चांगुणाआत्या कुठे आहे? पाकिटात फक्त चिठ्ठी. "या वेळी आत्या नाही. कारण विचारू नकोस."

मी विचारणार. आपला पॉडकास्ट सुरू होऊन दोन वर्षं झाली. तू नामपूरला शाळेत लागलीस त्यालाही वर्ष होईल. तेव्हापासून संध्याकाळी कॉम्प्युटर क्लासमधली पोरं गेली की मी खिडक्या लावून, पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखाही बंद करून, एकटी घामाघूम होत त्या माइकसमोर बसते आणि तुझं बोलणं माझ्या बोलण्यात जोडते. ऐकणाऱ्याला वाटतं दोघी एकाच टेबलाशी बसून सिनेमाची सालं काढतायत. 'तीन तासांची शिक्षा'चा पहिला भाग एकोणीस जणांनी ऐकला होता. आता चार हजार ऐकतात. आण्णांना अजून वाटतं मी कुठल्या तरी रेडिओवर फुलांचे भाव सांगते, ते जाऊ दे.

हे चार हजार लोक तुझ्यामाझ्या टोमण्यांसाठी येत नाहीत. शेवटच्या पाच मिनिटांसाठी येतात. तू सिनेमाची गोष्ट सांगतेस आणि तुझ्याच आवाजातली म्हातारी चांगुणाआत्या एकेका वाक्यात तिची हवा काढते, त्यासाठी. दुबईच्या एका माणसाने कळवलंय, मुलाची वाट बघणाऱ्या आईच्या सीनवरचं आत्याचं वाक्य त्याने अख्ख्या ऑफिसला ऐकवलं. "वीस वरीस वाट दखी, आनि भाकर आजून गरमच शे?" त्याला अहिराणी येत नाही, तरी पाठ झालंय.

आता मुख्य. मुंबईच्या एका रेडिओ कंपनीची माणसं १४ जुलैला नाशिकला येतायत. त्यांना रोज सकाळी पाच मिनिटं चांगुणाआत्या हवी आहे. मी सात वर्षं पोरांना माऊस कसा धरायचा ते शिकवतेय, भागी. मला यातून बाहेर पडायचंय आणि हे एकच दार उघडलंय. आणि तू लिहितेस, कारण विचारू नकोस.

फोन करू नकोस. फोनवर तू मला हसवतेस आणि विषय राहून जातो. लिहून कळव.

प्रतिभा


नामपूर
१७ जून २००७

प्रतिभा,

तुझं पत्र शाळेच्या पत्त्यावर आलं आणि हेडसरांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर हातात दिलं. घरचा पत्ता तुझ्याकडे आहे.

पत्र तीनदा वाचलं. "तुझी तब्येत बरी आहे का" असं एक वाक्य कुठे दिसतंय का ते शोधलं. नाही दिसलं. मालकिणीने मोलकरणीला विचारावं तसं विचारलं आहेस, माल का आला नाही. आत्या माझी होती. मी काढली, मी बंद केली. तू जशी खिडक्या लावून बसतेस तशी मीसुद्धा इथे गोठ्यामागच्या खोलीत गोधडी पांघरून बोलते, कारण बाहेर मोटार चालू असते. मी कधी त्याचं भांडवल केलं नाही.

कारण हवंच असेल तर घरच्यांना आवडत नाही. माझं लग्नाचं बघतायत. बाई शिक्षिका आहे आणि म्हातारीचा आवाज काढून लोकांना हसवते, हे कोणत्या पाहुण्यांना सांगायचं? तू नाशिकला राहतेस, तुला हे कळणार नाही.

रेडिओवाल्यांना सांग, दोघी मिळून सिनेमावर बोलू. तेवढं पुरत नसेल तर नको म्हणून सांग.

भाग्यश्री


गंगापूर रोड, नाशिक
२६ जून २००७

भाग्यश्री,

तुझं पत्र वाचून मला इतका संताप आला की त्या दिवशी क्लासमध्ये एका पोराला उगाच ओरडले. संताप तुझ्या घरच्यांचा आला होता. शिकवलं, नोकरी करू दिली, आणि चार लोक हसले तर अब्रू जाते? मी गप्प बसणाऱ्यांतली नाही हे तुला माहीत आहे. मी सरळ तुझ्या शेखरदादाला फोन लावला.

म्हटलं, "दादा, बहिणीची कला अशी दाबून टाकता, शोभतं का तुम्हाला?"

ते गोंधळले. म्हणाले, "कोन दाबतंय ताई? मी तर यार्डात कांद्याच्या गाड्या भरायला येतात ना, त्या ड्रायव्हर लोकांच्या मोबाइलमध्ये स्वतः टाकून देतो तुमचा कार्यक्रम. मागच्या महिन्यात अंगणात स्पीकर लावून सगळ्या गल्लीला ऐकवला. लंकाबाईला पन बोलावलं होतं."

"लंकाबाई कोण?"

"अहो, जिचा आवाज काढते ती. भागी बोलली नाय तुम्हाला?"

नाही बोलली. दोन वर्षांत एकदाही नाही. मी विचारलं होतं, आठवतं का? पहिल्याच भागाच्या वेळी, "हे सुचतं कसं गं तुला?" तू खांदे उडवून म्हणालीस, "येतं आपोआप." मी किती जणांना सांगितलं, माझी मैत्रीण हे जागच्या जागी रचते. वर्तमानपत्राच्या पुरवणीत आपल्यावर आलं त्यातही मी तेच छापून आणलं. म्हणजे मी खोटं बोलत होते आणि मला ते माहीतही नव्हतं.

पाहुणे, लग्न, घरच्यांचा विरोध, सगळं खोटं. मी तुझ्या भावाला नाही नाही ते बोलले. त्यांनी ते हसून घेतलं, त्यामुळे मला आणखी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता खरं लिही. नाहीतर लिहूच नकोस.

प्रतिभा


नामपूर
२ जुलै २००७

प्रतिभा,

खरं लिहिते.

लंकाबाई आमच्या गल्लीच्या टोकाला एकटी राहते. व्यापाऱ्यांच्या शेडमध्ये कांदा निवडायला जाते. मी लहान होते तेव्हा गल्लीत टीव्ही फक्त आमच्याकडे होता. रविवारी सिनेमा लागला की ती आमच्या ओट्याच्या पायरीवर येऊन बसायची, आत कधी यायची नाही, आणि पडद्याकडे बघत एकटीच बोलायची. मी तिच्या शेजारी बसायचे. श्रीमंत हीरॉइन रागाने जेवणाचं ताट भिरकावायची, की ती म्हणायची, आता हे झाडणार कोण ते नाही दाखवत. हीरो दहा जणांना मारून घरी यायचा, तर म्हणायची, शर्टाला इस्त्री कोणी केली. मला हसू यायचं. तिने मला कधी हसू नको म्हटलं नाही. ती स्वतः मात्र हसायची नाही.

चांगुणाआत्याचं एकही वाक्य मी रचलेलं नाही. आवाज तिचा, बोलायची ढब तिची, वाक्यांच्या मध्ये ती थांबते तेही तिचं. नाव तेवढं मी बदललं. तू "हे सुचतं कसं" विचारलंस तेव्हा मला सांगता आलं असतं. पण तू इतक्या कौतुकाने बघत होतीस की मी खांदे उडवले. नंतर सांगायची वेळ निघून गेली.

मेमध्ये शेखरदादाने अंगणात स्पीकर लावला. मी घरी नव्हते, सटाण्याला पेपर तपासायला गेले होते, नाहीतर लावू दिला नसता. मी परतले तेव्हा आत्याचा भाग चालू होता आणि माणसं पोट धरून हसत होती. लंकाबाईही हसत होती. आपल्यासारखं कोणी बोलतंय याची तिला गंमत वाटत असावी. मग ते वाक्य आलं, भाकरीचं. ती हसायची थांबली. सगळे हसत असताना ती माझ्याकडे बघत उभी राहिली.

तिला एक मुलगा आहे, पुंजा. अकरा वर्षांपूर्वी सुरतेकडे कामाला जातो म्हणून गेला. दोन पत्रं आली, पुढे काही नाही. त्या वर्षी टीव्हीवर तो सिनेमा लागला होता. आई दारात ताट घेऊन उभी, मुलगा वीस वर्षांनी येतो, ताटातून वाफ निघतेय. तेव्हा ती ते बोलली होती. प्रतिभा, ती विनोद करत नव्हती. रोज एक भाकर जास्त थापून सकाळी ती गार उचलणारी बाई होती ती. तिला त्या सिनेमाचा राग आला होता. मी पंधरा वर्षांची होते, मला हसू आलं, आणि मी ते जपून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर तिने मला विचारलं, "हाई मी हासाकरता सांगेल व्हतं का?"

मी घागर न भरताच परत आले. त्यानंतर ती रविवारची येत नाही.

आता तुला जे म्हणायचं ते म्हण.

भाग्यश्री


गंगापूर रोड, नाशिक
१६ जुलै २००७

भाग्यश्री,

तुझ्या पत्राला दोन आठवडे उत्तर दिलं नाही. वाचून वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर राग जास्त आला. मनात म्हटलं, आपण सिनेमाला हसतो, लंकाबाईला कुठे हसतो? आणि सात वर्षांनी माझं काही होऊ घातलंय, तेव्हाच हिला पश्चात्ताप सुचावा? मी ठरवलं, तू येत नसशील तर आत्या मी करेन. आपले सगळे भाग लावून घरी आरशासमोर सराव केला. अहिराणी मला जमत नाही, म्हणून आमच्या मळ्यातल्या बोलीत वळवून घेतलं, हाय, नाय, लय करून.

परवा गेले. आण्णा मोगरा घेऊन फुलबाजारात निघाले होते, त्यांनीच टेम्पोतून कॉलेज रोडला सोडलं आणि म्हणाले, मी खाली थांबतो. वर हॉटेलच्या खोलीत तिघं होते. मी आत्या करून दाखवली. ते हसले. मधला माणूस म्हणाला, "अच्छा है, पर थोडा और गाँव का करो. और गँवार." मी केलं. तो म्हणाला, और. मी आणखी केलं. शेवटी मी जे बोलत होते ते कोणत्याही गावात कोणी बोलत नाही, आणि ते टेबलावर हात आपटून हसत होते.

मग त्याने विचारलं, "आपके घर में कोई ऐसे बोलता है?"

मी म्हटलं, नाही.

माझी आई अशीच बोलते. तू आमच्याकडे जेवली आहेस, तुला माहीत आहे. सिंधुबाई जेजुरकर, गंगापूर रोडला तीस वर्षं गजरे विकणारी बाई. मी म्हटलं, नाही.

आणि दार उघडून आण्णा आत आले. खाली वाट बघून कंटाळले होते. डोक्याला टापर गुंडाळलेलं, हाताला मोगऱ्याचा वास. म्हणाले, "परतिभा, आजून किती येळ हाय? माल सुकून जाईल ना."

ते तिघं टाळ्या वाजवायला लागले. त्यांना वाटलं, हा माझ्या नाटकातला माणूस आहे, मीच दाराआड उभा करून ठेवला होता. एक जण म्हणाला, "परफेक्ट. इनको भी ले लो."

मी म्हटलं, "ये मेरे पिताजी हैं." त्यावर ते आणखी हसले. मग माझा चेहरा बघून थांबले. मधला म्हणाला, सॉरी सॉरी, बसा काका, चहा घ्या. आण्णा बसणार होते, मी त्यांना हाताला धरून खाली आणलं. पर्स वरच राहिली होती, ती आणायला मी गेले नाही. संध्याकाळी हॉटेलच्या माणसाने आणून दिली.

आण्णांनी आधी मोगऱ्यावर पाणी शिंपडलं आणि टेम्पो काढला. अशोक स्तंभाजवळ सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाले, "ते हासले कशाला?"

मी म्हटलं, "तसंच."

ते म्हणाले, "मी काय चुकीचं बोललो का?"

दोन दिवस झाले, मला धड जेवण जात नाही. त्या माणसांचा संताप येतो. मग आठवतं की दोन वर्षं मीही तेच करत होते, फक्त माझ्याकडे हॉटेलची तशी खोली नव्हती. तुझ्यावरही चिडलेच आहे, ते काही संपलेलं नाही. पण लंकाबाईंकडे जा. माझ्या वतीनेही जा. म्हणावं, आत्याचे सगळे भाग काढून टाकते. तू हो म्हण, मी त्याच दिवशी काढते.

प्रतिभा


नामपूर
२९ जुलै २००७

प्रतिभा,

काकांना माझा नमस्कार सांग. दुसरं काय सांगावं ते सुचत नाही.

लंकाबाईकडे गेले. आज शेडला सुट्टी होती, ती दारात तांदूळ निवडत बसली होती. मी काय बोलायचं ते पाठ करून गेले होते. चूक झाली, तुमचं बोलणं विचारल्याशिवाय घेतलं, आता सगळं काढून टाकतो. ती तांदूळ निवडत ऐकत राहिली. मग विचारलं, हे ऐकलं किती लोकांनी.

मी म्हटलं, चार हजार. दुबईला, अमेरिकेला, पुण्याला. शिवाय दादाने गाडीवाल्यांना दिलंय ते वेगळं.

तिने सूप खाली ठेवलं. मला वाटलं आता रडेल. ती चिडली. मी तिला इतकी चिडलेली जन्मात पाहिली नव्हती. म्हणाली, "चार हजार लोके ऐकतस, आनि तू त्यासले भाकरनं सांगं. पुंजानं नाव काबर नही सांगं?"

मी पुन्हा सांगायला लागले की आम्ही हसण्यावारी नेलं त्याबद्दल वाईट वाटतं. तिने माझं बोलणं मध्येच तोडलं. लोक हसले त्याचं तिला वाईट वाटलं होतं, पण ते तिने विहिरीवरच गिळून टाकलं होतं. ती जे धरून बसली होती ते मला कळलंच नव्हतं. अकरा वर्षं ती यार्डात येणाऱ्या प्रत्येक गाडीवाल्याला एकेकट्याला विचारत आली, आमचा पुंजा कुठे दिसला का. आणि तिच्या गल्लीतली, तिच्या मांडीशी बसून मोठी झालेली पोरगी एकाच वेळी चार हजार माणसांशी तिच्याच आवाजात बोलत होती, आणि तिने त्यांना मुलाचं नाव सांगितलं नाही. वय सांगितलं नाही. डाव्या भुवईवरची खूण सांगितली नाही. आठ दिवसांत त्यांचा विसर पडेल असल्या सिनेमांवर आपण बोलत राहिलो.

काढून टाकायचं नाही, असं ती म्हणते. तिला स्वतः बोलायचंय. मी तिला सांगितलं की आमचा कार्यक्रम विनोदी आहे. ती म्हणाली, मग असू दे की.

तुझा तो चांगला माइक घेऊन ये. माझ्या टेपवर हे करायचं नाही.

भाग्यश्री


गंगापूर रोड, नाशिक
३ सप्टेंबर २००७

भाग्यश्री,

नामपूरहून आले त्याला पंधरवडा झाला, पण लंकाबाईंचा तो प्रश्न डोक्यातून जात नाही. मी माइक पुढे धरला आणि शहाणपणाने म्हटलं, "पुंजा समोर बसलाय असं समजा आणि बोला." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "समोर बठेल ऱ्हाता तं तू कसाले येती?" मी माइक त्यांच्या हातात दिला.

ठरल्याप्रमाणे भाग टाकला. सुरुवातीला आपण दोघी, त्या पुराच्या सिनेमावर, आणि शेवटी आत्याच्या जागी त्या. "पुंजा, मी तुनी माय. मी जित्ती शे. घर तेच शे. कोठे शे ते सांग." मग नाव, वय, खूण, तुझ्या शाळेचा फोन नंबर. चांगुणाआत्या म्हणजे कोण आणि आपण काय केलं, हेही मी माझ्या तोंडाने सांगितलं. संगीत घातलं नाही.

आता लोकांची पत्रं ऐक. एकूण एकेचाळीस आली. सहा जणांनी चांगलं लिहिलं. बाकीच्यांतली दोनतीन तुझ्यासाठी उतरवते.

"आत्याचा नवा आवाज कृत्रिम वाटतो. जुन्या कलाकाराला परत आणा."

"अहिराणीचा लहेजा जमलेला नाही. आधीच्या मुलीने चांगला अभ्यास केला होता."

"हसायला येतो, रडारड ऐकायला नाही."

भागी, मी हे वाचून खुर्चीतून उठले आणि क्लासमध्ये येरझाऱ्या घातल्या. त्या बाईचा आवाज कृत्रिम वाटतो. तुझा खरा वाटत होता. रडारडीचं ते दुबईच्या त्या माणसाचं. त्याला मी लांबलचक उत्तर लिहिलं आणि ते पाठवलंसुद्धा. त्याने नाव काढून घेतलं. आणखी बरेच गेले. मागचा आकडा आता निम्म्यावर आलाय.

आणखी एक. आजपासून त्या रेडिओवर रोज सकाळी 'ठकूमावशी' लागते. कोणीतरी मुंबईची मुलगी करते. आज पहिल्याच दिवशी तिने भाकरीचं वाक्य म्हटलं, जरा फिरवून. आमच्या गल्लीत दुकानादुकानात लागलं होतं. मी तक्रार करायला कागद घेतला. आमचं वाक्य चोरलं असं लिहिणार होते. 'आमचं' लिहिलं आणि खोडलं.

आण्णांना सगळं सांगितलं. ते हॉटेलात लोक का हसले तेही सांगितलं. सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "मंग तवाच सांगायचं ना. मी चहाला बसनार होतो त्यांच्याबरोबर." एवढंच बोलले आणि दुसऱ्या दिवसापासून फुलं सोडायला क्लासवरून जात नाहीत, लांबच्या रस्त्याने जातात. आई म्हणते सोड, विसरतील. मला नाही वाटत.

तुझ्या शाळेत कोणाचा फोन आला का?

प्रतिभा


नामपूर
१९ नोव्हेंबर २००७

प्रतिभा,

तुला इतके दिवस लिहिलं नाही, कारण दिवाळीपर्यंत थांबायचं ठरवलं होतं. लंकाबाईने तशी शपथ घातली होती.

फोन आला नाही. माणूस आला. ऑक्टोबरच्या शेवटी यार्डातला एक ड्रायव्हर शेखरदादाकडे आला. वापीच्या पुढे हायवेवर त्याने चाक पंक्चर झालं म्हणून गाडी थांबवली होती. टायर काढेपर्यंत मोबाइलवर आपला कार्यक्रम लावून बसला होता. दादाने गाडीवाल्यांना शेवटचा भाग दिला तो. लंकाबाईचं बोलणं सुरू झालं आणि पंक्चरवाल्याने हातातला पाना खाली ठेवला. म्हणाला, परत लाव. दोनदा ऐकलं. डाव्या भुवईवर खूण होती. दुकानाच्या मागे बायको होती, दोन लहान मुलं होती. ड्रायव्हरने विचारलं, घरी काय सांगू. त्याने टायर बसवून दिला आणि म्हणाला, "मायले सांगजा, मी ऐकं."

ऐकलं, बस. पत्ता दिला नाही, फोन दिला नाही.

आम्ही लंकाबाईला सांगितलं तेव्हा ती खाली बसली. मुलं किती मोठी आहेत, असं तिने त्या ड्रायव्हरला चार वेळा विचारलं. दादा म्हणाला, गाडी करतो, उद्या वापीला जाऊ, हायवेवरचं दुकान शोधायला किती वेळ लागतो. ती नको म्हणाली. त्याला कळलंय, तो येईल. दिवाळीला येईल. घर सारवलं, शेजारून दोन गोधड्या मागून आणल्या, मुलांच्या मापाचे अंदाजाने कपडे घेतले. धनत्रयोदशीपासून भाऊबिजेपर्यंत ती शेडला गेली नाही. सटाण्याची प्रत्येक गाडी आली की स्टँडवर उभी.

तो आला नाही.

भाऊबीज झाल्यावर मी तिच्याकडे गेले. तिची समजूत घालायला म्हणून गेले होते. म्हटलं, त्याची काही अडचण असेल, लाज वाटत असेल, आपण तिकडे जाऊ, किंवा तुम्ही पुन्हा एकदा बोला, या वेळी जरा प्रेमाने. हे शेवटचं मी का बोलले देव जाणे. ती माझ्यावरच उखडली. म्हणाली, अकरा वर्षं मला वाटायचं तो मेला असेल. मी त्याला शिव्या दिल्या नाहीत, मेलेल्याला कोण देतं. आता कळलं की तो जिवंत आहे, टायर बदलतो, पोरं आहेत, आणि आईचा आवाज दोनदा ऐकून पुन्हा पाना हातात घेतो. आणि प्रेमाने मी बोलू?

मग म्हणाली, रविवारी तुझं मशीन घेऊन ये.

काल गेले. माझाच साधा टेप होता, तुझा माइक मागवायला ती थांबायला तयार नव्हती. मी लाल बटण दाबलं. तिने पदर नीट केला. मला वाटलं होतं खूप बोलेल, सगळं बाहेर काढेल. मी नवी कॅसेट घेऊन गेले होते. ती एवढंच बोलली.

"पुंजा, तू ऐकं. माले समजनं. आते मी बोलाव नही. आते तू बोल."

आणि मला म्हणाली, "बंद कर."

मी विचारलं, आणखी काही, मुलांसाठी काही, पत्ता वगैरे. तिने मानेनेच नाही म्हटलं, उठली आणि शेजारच्या गोधड्या परत द्यायला निघून गेली.

कॅसेट सोबत पाठवतेय. अकरा सेकंदांचं आहे, मी मोजलं. पुढेमागे काही जोडू नकोस. आपण दोघींनी त्यात बोलायचं नाही, सिनेमाही नको. कोणाला कृत्रिम वाटलं तर वाटू दे. गाडीवाल्यांना दादा देईलच. वर तिचं नाव घाल, पूर्ण: लंकाबाई पंडित सोनवणे, नामपूर.

भाग्यश्री